वेगळ्या काढलेल्या भाकरी

अरुंधतीबाई जाऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा त्यांच्या तळेगावच्या संस्थेतून प्रेरणा घरी आली. "ताई, शोकसभेच्या पत्रकात संस्था कशी सुरू झाली ते हवंय. तुमच्याइतकं कोणाला माहीत?"

अरुंधतीबाईंच्या मुलीने, इरावतीने, आई सांगायची तसेच लिहून काढले. एड्सने नवरा गेलेल्या एका बाईला गावाने वाळीत टाकले. आई दर गुरुवारी तिच्या घरी जेवायला जाऊ लागली. तिच्यासारखी आणखी माणसे त्या पंगतीला येत गेली.

ती बाई, नंदाबाई, प्रेरणाबरोबर आली होती आणि समोरच बसली होती. "मला वाचता येत न्हाई. वाच की," ती म्हणाली.

'गावाने' या शब्दाशी इरावतीचा आवाज खाली गेला.

भैरवनाथाच्या उत्सवात घरोघरच्या भाकरी एका पाटीत गोळा होत. नंदाबाईचा नवरा गेला त्या वर्षी सतरा वर्षांची इरावती पाटीशी बसली होती. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने घरी आणलेल्या एड्सच्या तपासणीच्या कागदांत नंदाबाईचे नाव इरावतीने पाहिले होते. हा रोग अन्नातून पसरत नाही, हेही तिने वाचले होते. तरी नंदाबाईच्या भाकरी तिने वेगळ्या काढून ठेवल्या, आणि बायकांनी विचारल्यावर कारण सांगितले. संध्याकाळी नंदाबाईला नळावर कोणी उभे करेना.

आई याबद्दल कधी एक शब्द बोलली नव्हती. आईला कळलेच नाही, असे इरावती धरून चालली होती.

"गाव?" नंदाबाई म्हणाली. "गावाला काय ठावं व्हतं? गाव मागनं आलं."

"आईने सगळीकडे तसंच सांगितलंय."

"तुज्यासाठी. मला म्हनली, नंदा, कागद मी घरी आनला, चूक माजी हाय, पोरीचं नाव घिऊ नगंस. न्हाई घेतलं. एकोनीस वरसं. आता ती न्हाई, मी कुनासाठी गप बसू?"

माफी मागायलाही इरावतीला तोंड नव्हते. "काय लिहू, मावशी?"

"घडलं ते. आनि भाकरी चांगल्या व्हत्या माज्या, ते बी लिही."

इरावतीने 'गावाने' खोडून तिथे स्वतःचे नाव घातले, खाली भाकरींचेही लिहिले. प्रेरणा चहाचे कप उचलून आत निघाली होती.

"थांब गं," नंदाबाईने तिला बसवले आणि इरावतीकडे पाहिले. "वाच परत. हिला बी ऐकू दे."

इरावतीने पहिल्यापासून वाचले.