याह्या म्हणजे जगणारा

हेमंतातली सकाळ. खाडीवर धुकं उतरलेलं, शुभ्र, संथ, निःशब्द. कांदळवनाच्या काळसर-हिरव्या कडेवर उन्हाची केशरी रेघ उमटली आणि तिथेच थबकली. पल्याडचा किनारा दिसेना, अल्याडची होडी दिसेना. भरती आली तीही पाऊल न वाजवता. इतकी देखणी सकाळ त्या दिवशी उगवायला नको होती.

खाडीकाठच्या मुकादमांच्या घरात मैमुनाचं बाळ पहाटे गेलं होतं. लग्नानंतर फार वर्षांनी, नवससायासांनी आलेलं, पुरते सात दिवसही न राहिलेलं बाळ. आणि त्याला नाव नव्हतं.

जन्मताच आजोबांनी, कासमबाबांनी, त्याच्या उजव्या कानात अजान दिली होती. नाव मात्र सातव्या दिवशी, अकीक्याच्या विधीला. आणि तेही बापानेच ठेवायचं, ही घराण्याची रीत. बाप इल्यास जहाजावर, जहाज भरसमुद्रात, फोन लागेना. पोर अशक्त, मैमुनाचा जीव टांगणीला. ‘आजच ठेवू या हो नाव,’ ती काकुळतीला आली होती. पण घर रीतीला धरून बसलं. सगळे इल्यासच्या फोनची वाट पाहत राहिले. बाळाने तेवढी वाट पाहिली नाही.

नावं तर तिच्यापाशी कितीतरी होती! गरोदरपणाच्या त्या जड, मंद, मधुर महिन्यांत तिने ती मनात घोळवली होती. मुनीर, उजेड देणारा. अनीस, जिवाचा सोबती. बशीर, आनंदाची वार्ता आणणारा. अरबस्तानच्या वाळूतून, गलबतांच्या शिडांखालून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओठांवरून या नारळी-पोफळींच्या सावलीत उतरलेली नावं. चुलीपाशी कांदा चिरताना ती एकेक हळूच उच्चारी आणि पोटात हालचाल होते का पाही.

शेवटी जीव जडला तो एकाच नावावर. याह्या. वार्धक्यशुभ्र जकरिया पैगंबरांना, सगळी आशा आटल्यावर झालेला मुलगा. त्याचं नाव अल्लाने स्वतः ठेवलं. त्याआधी ते कुणाचंच नव्हतं. याह्या म्हणजे जगणारा. मैमुनाला वाटलं होतं, एवढं नाव ठेवलं की झालं, मग कुणाची बिशाद आहे!

आता मागच्या पडवीत बायका बाळाला शेवटची आंघोळ घालत होत्या. बोरीच्या पाल्याचं कोमट पाणी, कापराचा थंडगार वास, ओंजळीत मावेल एवढा देह. ओटीवर माणसं खोळंबलेली. नाव हवं होतं. कयामतीच्या दिवशी ज्याला-त्याला नावाने हाक पडेल. बिननावाच्या लेकराने ओ तरी कशी द्यायची?

“याह्या,” मैमुना म्हणाली.

सासू चपापली. ती मैमुनाची सख्खी आत्या, म्हणून मैमुना तिला फुफीच म्हणे. फुफीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “ता नाव नको गो मैमू. ता राहू दे पुढच्या पोराला. ह्याला अब्दुल्ला बोलू. अल्लाचा बंदा, अल्लाकडे गेला.”

“पुढचा कोण नाय, फुफी.” मैमुनाचा आवाज कोरडा ठणठणीत. “डाक्टरीण बोलली व्हती. मीच घरात बोलले नाय.”

फुफी मागे सरली. तिच्या धक्क्याने पाण्याचा तांब्या कलंडला.

मग त्या इवल्या, गार कानाशी ओठ नेऊन मैमुनाने नाव सांगितलं. याह्या. जगणारा. आपण लेकराशी धडधडीत खोटं बोलतो आहोत, हे तिला कळत होतं. तिला रडू आलं नाही. राग आला, रीतीचा, समुद्राचा, त्या गोड अर्थाचा. पांढऱ्या कापडातला याह्या पुरुषांनी उचलला. बायका उंबऱ्याशी थांबल्या. धुक्याने आधी माणसं गिळली, मग त्यांची पावलं.

दुपारी ऊन लखलखीत पडलं आणि फोन वाजला. इल्यास! जहाज बंदराला लागलं होतं. मुलगा झाल्याचा निरोप त्याला तिथे मिळाला होता. दुसरा निरोप धाडायला घरात अजून कुणाचा हात धजला नव्हता.

“मैमू! नाव ठरवलंय मी. खालिद! खालिद म्हणजे कायम राहणारा. फोन धर त्याच्या कानाशी. बापाच्या तोंडून ऐकू दे त्याला.”

ती उठली, तुळईला टांगलेल्या झोळीपाशी गेली, आणि दुधाचा वास न गेलेल्या त्या मऊ, रित्या घडीत तिने फोन ठेवला.

झोळीतून बाप हाक मारत राहिला, खालिद, बाळा खालिद, ए खालिद. आणि त्या हाकेसरशी तिच्या उराला पान्हा फुटला, पदर भिजला, भिजत गेला, भिजतच राहिला.