नावाखालची रेघ

अकोल्याच्या कोर्टात माझी वकिली बेताची, पण चिठ्ठी जबर. कुणाला मास्तरकी, कुणाला मुलीसाठी स्थळ, कुणाला दवाखान्यात खाट. मी दोन ओळी खरडायचो आणि काम व्हायचं. ज्याचं झालं तो पुढे माझ्या दुसऱ्या माणसाच्या कामी यायचा, आणि त्यातूनच अशिलं मिळायची. नाही कुणालाच म्हणायचं नाही, हा माझा नियम. मग खरं काम कुणाचं करायचं? त्याची खूण ठरलेली होती. ज्याचं करायचंच, त्याच्या नावाखाली रेघ. रेघ नसली की समोरचा गोड बोलून वाटेला लावी.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात कोर्टाचा पट्टेवाला देवमन आला. त्याच्या बायकोच्या, सुंदराबाईच्या पोटात गाठ होती. आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं नाही तर ती वाचणार नव्हती. अमरावतीच्या चिंतामण डॉक्टरांना दवाखान्याची जागा मीच मिळवून दिली होती. ते माझी रेघ कधी मोडत नसत.

'सुंदराबाई' लिहिलं आणि पेन थांबलं. चारच दिवसांपूर्वी कापसाच्या जिनवाल्या एका शेठच्या मेहुण्यासाठी ह्याच डॉक्टरांकडे रेघ खर्च केली होती. लागोपाठ दुसरी दिली की रेघेचा भाव उतरणार. आणि हा देवमन उद्या माझ्या काय कामाचा? हे मी मनात म्हटलं, ह्याच शब्दांत. कागदाची तशीच घडी केली आणि त्याला दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा शेठनं पाठवलेली आंब्यांची करंडी ओसरीवरच होती. डॉक्टरांनी रोज 'उद्या बघू' म्हणत अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी सुंदराबाई गेली.

"चिठ्ठी होती म्हनून दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तरी पडू देलं, साहेब. नाईतर आमाले कोन उभं करते?"

मला माझीच किळस आली.

"ती चिठ्ठी आण इकडे," मी म्हणालो. मला ती फाडून टाकायची होती.

"नाई साहेब." त्यानं खिशावर हात दाबला. "मरेपरयंत तिच्या उशाखाली होती. आमच्यासाठी आजवर कोनी कोनाले लेहलं नोतं. आमची पोर ललिता मोठी झाली का तिले दाखवीन. म्हनीन, तुह्या मायसाठी वकीलसायबानं लेहलं होतं."