कोपऱ्यातला घोडा

मी एक घोडा बोलतोय. बिचकू नका, लाथ मारायला मला पाय नाहीत. मी छापील घोडा आहे. एका जुन्या, नावाजलेल्या लघुकादंबरीच्या शेवटच्या पानावर राहतो. माझं वाक्य एवढंच: ‘सगळे पांगल्यावर मी खोलीत आले, तेव्हा कोपऱ्यात घोडा तसाच होता.’

माझा जन्म छापखान्यातला, आणि तोही चुकून. लेखकाने लिहिलं होतं ‘घडा’. खिळे जुळवणाऱ्याचा हात भलत्या खणात गेला, ‘घ’ला काना-मात्रा चिकटली आणि पाण्याच्या घड्याचा घोडा झाला. मुद्रितं तपासणाऱ्याने मला पाहिलं होतं, पण त्याची जेवायची सुट्टी झाली होती. लेखक तोवर वारले होते, त्यामुळे त्यांच्याकडून तक्रार आली नाही.

पहिल्या वाचकांनी मला पाहून डोकं खाजवलं आणि पुस्तक मिटलं. खोलीत घोडा कसा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. विचारलं तर आपल्याला कळलं नाही असं ठरेल ना! माणसांची ही खोड माझ्या पथ्यावर पडली.

मग मला सर भेटले. तेव्हा ते तरुण प्राध्यापक होते. मी म्हणजे कादंबरीतल्या सुनेची दडपलेली वासना, असा लेख त्यांनी लिहिला आणि ते गाजले. पुढे मी मृत्यू झालो, मग काळ झालो, एका परिसंवादात तर भांडवलशाहीसुद्धा झालो. दाणावैरणीवाचून इतकं राबलेला घोडा दुसरा नसेल. विद्यार्थी सरांना पाठीमागे ‘घोडेवाले’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. मी राहतो तो त्यांच्याच प्रतीत. माझ्याखाली लाल रेघा इतक्या, की कागद फाटायला आला होता.

कादंबरी ती सूनच सांगते. बाहेर दुष्काळ, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. ‘मी तिला घोट घोट पाणी पाजलं’, हे सून पानोपानी सांगते. शेवटी सासू जाते, आणि वाचक हळहळतात ते सुनेसाठी.

परवा सरांच्या एका विद्यार्थिनीची याच कादंबरीवरच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. पदवी मिळाली तरच तिची कॉलेजातली हंगामी नोकरी कायम होणार होती. पदवीला सही लागणार होती सरांची. टेबलावर सरांपुढे मी उघडा पडलो होतो.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, “तुमचं तिसरं प्रकरण सबंध घोड्यावर आहे. मला सांगा, हा घोडा त्या खोलीत आला कुठून?”

“प्रतीकं दारातून येत नसतात, बाई,” सर हसले.

“मी तिला विचारतेय.”

मुलीला उत्तर पाठ होतं. तिनेच ते प्रबंधात लिहिलं होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“घोडा नाहीच, बाई. घडा आहे. छपाईची चूक असणार.”

मला दरदरून घाम फुटला.

“प्रबंधात तर उलटं लिहिलंयस,” सर म्हणाले. आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की विद्यार्थी दाराकडे बघत.

“हो सर. बांधून आणल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं.”

“माझ्या उभ्या जन्मात लक्षात आलं नाही, ते तुझ्या आलं.”

“सुरुवातीला ती घडा काठोकाठ भरून कोपऱ्यात ठेवते, सर. पुढे घड्याचं नाव नाही. आणि घोड्याचं आधी नाव नाही.”

बाई खाली बघून पानं चाळू लागल्या. सरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“तळटीप दे,” ते म्हणाले. “‘काहींच्या मते घडा.’ मी सही करतो. विषय संपला.”

माझा जीव भांड्यात पडला.

“तळटीपेत मावत नाही, सर,” मुलगी म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. “घरात पाणी तेवढंच आहे. घोट घोट पाजलं म्हणते, आणि म्हातारी गेल्यावर घडा तसाच आहे. सून खोटं सांगतेय सर, पहिल्या पानापासून. आणि लेखकाने तिच्याच तोंडून ते फोडलंय. आपण घोडा बघत बसलो.”

सरांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

“वाच. तुझा शब्द घालून.”

तिने वाचलं. सर डोळे मिटून बसले होते.

“पुन्हा.”

तिने पुन्हा वाचलं.

“म्हणजे म्हातारी तहानेनं गेली,” सर म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग त्यांनी अहवाल ओढला, ‘दुरुस्तीसह मान्य’ लिहिलं आणि सही केली. “तिसरं प्रकरण नवं लिहून आण. मला वाचायचंय.”

ती गेल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं आणि लाल पेनाने माझी काना-मात्रा तेवढी खोडली. फार दुखलं नाही.

आता निदान या प्रतीत मी घडा आहे. बाकीच्या प्रतींत माझे भाऊबंद अजून ऐटीत उभे आहेत. त्यांच्यापैकी कुणी भेटला, तर तो कशाचं प्रतीक हे सावकाश ठरवा. आधी जवळ जा, आणि पाणी किती आहे ते बघा.