सरजाबाईंच्या भिंतीवरची तसबीर

सुज्ञ वाचकहो, एका तसबिरीमुळे एका सज्जनाच्या अंतःकरणास जो जबर धक्का बसला, त्याची हकीकत येथे नम्रपणे सादर करण्यात येत आहे. ती शांत चित्ताने वाचावी.

लातूरचे भांड्यांचे व्यापारी राजशेखरअप्पा यांना एक विलक्षण छंद जडला होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने एका इटालियन लढाऊ जहाजाचे खलाशी पकडून देवळालीच्या छावणीत स्थानबद्ध केले होते. त्यांची ओळखपत्रे अप्पा जिवापाड जमवीत. आता एकच उणे होते. ते भोकरला आपल्या आजीच्या पेटीत असल्याचे धम्मानंद नावाच्या तरुणाने फोनवर कळवताच अप्पा नांदेडमार्गे तेथे येऊन थडकले.

धम्मानंद कामावर गेला होता. आजी सरजाबाई एकट्याच होत्या. भिंतीवर भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या शेजारी एका फेटेवाल्या पुरुषाची रंगवलेली तसबीर होती, तिला ताजा हार होता.

"माझा बाप, लिंबाजी," बाई म्हणाल्या. "देवळालीच्या छावणीत हमाल होता. मी पाळण्यात असतानाच गेला. पुढं आई वारली, तवा पेटीत येवढाच फोटू घावला. नांदेडच्या फोटोवाल्यानं मोठा करून दिला, वर फेटा चढवला. फेट्याचे येगळे पैसे घेतले मेल्यानं!"

बोलता बोलता त्यांनी पेटीतून ओळखपत्र काढून दिले. अप्पांनी ते उघडले मात्र, त्यांची नजर आतल्या फोटोवरून थेट भिंतीवरच्या तसबिरीकडे गेली. तेच नाक! भुवईवर तोच व्रण! केवळ फेटा नव्हता, आणि खाली नाव परक्या मुलखाचे होते.

"वाचा की अप्पा, काय नाव हाय?"

अप्पांनी चष्मा नीट बसवला. या माउलीचा बाप हिरावून घ्यावा तरी कसा?

"लिं... लिंबाजी," ते कसेबसे बोलले.

"अगाई! चष्मा लावून खोटं वाचता व्हय?" बाई खळखळून हसल्या. "धम्मानंदनं कवाच वाचून दावलंय. माझा बाप न्हाई त्यो."

अप्पांनी तसबिरीकडे बोट केले. "मग हा हार?"

"बापाचा फोटूच न्हाई कुठं. ह्याला इतकी वरसं बाबा म्हणले, आता खाली उतरवू? कागद न्या तुमी. पर त्या मुलखात ह्याचं कोणी असंल, तर कळवा. हितं हार चुकला न्हाई म्हणावं."

अप्पांनी ते ओळखपत्र पिशवीत टाकले नाही. दोन्ही तळहातांवर धरून ते बसस्थानकापर्यंत तसेच चालत गेले.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल वाचकांचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपला विनम्र,
भुजंग हालकुडे, रेणापूर