शुक्रवारचं दार

विठाबाईच्या घराचं दार शुक्रवारी बंद असे. हलसूरच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. भाजीवाली त्या दिवशी हाक न मारता पुढं जाई. शेजारची जयम्मा पोरांना त्या ओट्यावर खेळू देत नसे. "विठाक्कांचा शुक्रवार आहे," ती म्हणे. आत विठाबाई दोन्ही खिडक्यांच्या कड्या लावायची, दाराच्या फटीशी पोतं सरकवायची आणि मग घर झाडायला, कपडे झटकायला घ्यायची. धूळ पुरती खाली बसेपर्यंत कडी काढायची नाही. बसली की ती सुपलीत गोळा करून मोरीत थाळीत धुवायची. हाती काही लागत नसे. बंगळूरच्या धुळीत लागणार तरी काय? पण रीत खाणीवरची होती.

खाण म्हणजे सोन्याची खाण. रायचूरच्याही पलीकडं, जिथं बस संपते तिथून पुढं बैलगाडीनं जायचं, अशा उघड्या माळावर ती वस्ती होती. विठाबाईचा बाप अथणीकडची कोरडवाहू जमीन सोडून तिथं गेला, आणि मिसरूड फुटताच त्याचे दोन्ही मुलगे, मल्लाप्पा आणि कृष्णात, त्याच्यामागून खाली उतरले. तिघांचं काम एकच, दगडाला भोकं पाडायचं. वर यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. तिघंही खोकत खोकत गेले आणि चाळिशी एकानंही पाहिली नाही. वस्तीत म्हणायचे, भूमीचं सोनं काढलं, भूमीनं माणूस मागून घेतला. इतर घरांतही माणसं जात होती, पण दुसऱ्याच्या घरातली मरणं कोण ध्यानात ठेवतं? होता होता तो या एकाच घराण्याचा शाप ठरला. या घरातला पुरुष चाळीस बघत नाही.

मल्लाप्पाच्या पोराला, बसवंताला, घेऊन विठाबाई बंगळूरला आली ती अशी. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली बाई. तिनं लोकांच्या घरी स्वयंपाक केला, त्याला शिकवलं. आता एकसष्ट साल उजाडलं होतं. बसवंत विमानाच्या कारखान्यात कामगारांवरचा चार्जहँड होता, चौतिशीचा होता. विडी नाही, तंबाखू नाही. कारखान्याच्या दवाखान्यात दरवर्षी छातीचा फोटो काढत, तो स्वच्छ निघे. त्याला त्याचा दिलासा वाटत नसे. अडतिसाव्या वर्षापर्यंत आपला बाप बैलासारखा होता, हे तो ऐकून होता.

लग्नाचा विषय निघाला की तो हसून म्हणायचा, "सहा वर्षांसाठी कुणाला कशाला आणू, आत्ती? घरात एक विधवा आहे तेवढी पुरे."

विठाबाईही हसायची. मग मोरीत जाऊन भांडी जरा जोरातच घासायची. आपण डोळे मिटायच्या आत या घरात चूल सांभाळणारी दुसरी बाई यावी, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

उन्हाळ्यात कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले उमाकांतराव आपणहून घरी आले. माणूस साताऱ्याकडचा, सरळ. बसवंत त्यांना आवडला होता. बरोबर त्यांची मुलगी कल्पना होती. शाळेत शिकवायची, तिशीला टेकली होती आणि ते लपवत नव्हती. विठाबाईनं पोहे केले. पोहे संपायच्या आतच बसवंतानं घराण्याचं सगळं सांगून टाकलं, आजोबा, वडील, काका, प्रत्येकाचं वय धरून. उमाकांतरावांनी बशी खाली ठेवली. विचार करून कळवतो म्हणाले. तो विचार कसला असणार हे विठाबाईला दारातच कळलं. त्या गडबडीत त्यांची छत्री कोपऱ्यात राहिली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी दारावर थाप पडली.

"थांब की," विठाबाई आतून म्हणाली. "धूळ बसू दे."

दार उघडलं तर ओट्यावर कल्पना. छत्री न्यायला आले म्हणाली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. विठाबाईनं छत्री काही लगेच दिली नाही, ताक दिलं. कल्पनानं बंद खिडक्यांकडं पाहिलं, थाळीतल्या गाळाकडं पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं.

विठाबाईला सांगायला आवडलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. खाणीवर आठवडाभर बाप्ये एकच कपडे घालून खाली जात, ती सांगू लागली. ते धुवायचे नाहीत, नुसते खुंटीला लावायचे. शुक्रवार लक्ष्मीचा. त्या दिवशी घरातली सवाशीण दारं-खिडक्या लावून ते कपडे झटकायची. दार उघडं राहिलं तर वाऱ्याबरोबर लक्ष्मी जाते. धूळ बसली की थाळीत धुवायची. विठाबाईनं कनवटीची गाठ सोडून दाखवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी, सोनारानं आटवून दिलेला. कितीतरी वर्षांच्या शुक्रवारांचा तेवढा.

"मग तुम्हीही झटकायचात?" कल्पनानं विचारलं.

"मला कोण आत घेतंय? लक्ष्मीवर माझी सावली नको. मी बाहेर, दाराशी, या बसवंताला कडेवर घेऊन. आत नेला की शिंका काढायचा, रडायचा. म्हणून माझ्या गळ्यात."

"आणि आत कोण असायचं?"

"वहिनी. यल्लव्वा, याची आई. तासतासभर. आतनं गाणं म्हणायची. मी ऐकत बसायची."

पहिली पाळी संपवून बसवंत तेवढ्यात आला होता. दाराशी बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. पाहुणी पाहून अवघडला, पण उठला नाही.

"त्या कशानं गेल्या?" कल्पनानं विचारलं.

"खोकल्यानं. दादाच्या आधी."

"पण आत्याबाई, त्या तर दुसऱ्या घरच्या. खाणीत कधी उतरल्या नाहीत. मग त्यांना कुणाचा शाप लागला?"

बाईला त्यात कोण धरतंय, असं काहीतरी विठाबाई म्हणणार होती. बापाचं धरलं होतं, भावांचं धरलं होतं. वहिनी गेली तेव्हा लोक म्हणाले, भाग्याची, सवाशीण गेली. आणि तिथंच ते संपलं.

ते दार तिला लख्ख आठवलं. ती बाहेर उन्हात बसलेली. आत कपड्यांचा फटफट आवाज, यल्लव्वाचं गाणं, पुढं पुढं गाण्याच्या मध्ये खोकला. त्या दाराचा तिनं किती हेवा केला होता. बंगळूरला स्वतःची खोली झाली तेव्हा पहिल्याच शुक्रवारी तिनं आतून कडी लावली होती. आता ते घर तिचं होतं आणि तिला बाहेर बसवणारं कुणी नव्हतं.

"आईला मी कधी धरलंच नाही त्यात," बसवंत म्हणाला. "आत्ती, मी कधीच आत नव्हतो?"

"कधीच न्हाई. माझ्यापाशी असायचास."

तो उठला. दोन्ही खिडक्यांच्या कड्या काढल्या. मग काढलेले बूट पुन्हा घातले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि कल्पनाला म्हणाला, "चला, मीच पोचवतो. परवा तुमच्या वडिलांना अर्धंच सांगितलं होतं. आईचं राहिलं."

उमाकांतरावांनी ते ऐकून घेतलं, कारखान्याच्या डॉक्टरांशीही बोलले. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून कसली खात्री दिली नाही. दगडाच्या धुळीचा आजार धूळ खाणाऱ्याला होतो, घराण्याला नाही, एवढंच म्हणाले. उमाकांतरावांना तेवढं पुरलं. लग्न माघात झालं.

मण्याचं काय करायचं हे मात्र ठरलं नाही. सुनेच्या मंगळसूत्रात ओवायचा म्हणून विठाबाईनं तो जन्मभर कनवटीला जपला होता. बसवंत नको म्हणाला. तिलाही तो ओवावासा वाटेना आणि टाकवेनाही. तो गाठीतच राहिला.

लग्नानंतरच्या शुक्रवारी तिनं दार सताड उघडं ठेवून घर झाडलं. अंथरुणं बाहेर ओट्यावर नेऊन झटकली. वारा नेमका जयम्माच्या दाराकडं होता.

"काय अक्का हे, सगळी धूळ माझ्या दारात?" जयम्मा पदर नाकाला लावत म्हणाली. "स्वल्प हळू तरी."

"घे की," विठाबाई म्हणाली. "लक्ष्मी आहे." आणि तिनं दुसरी गोधडी उचलली.