अठरा तारखेची लाल रेघ

देशभरच्या सुट्ट्यांची यादी ज्या खोलीत तयार होई, तिला एकच खिडकी होती आणि तीही कपाटामागे. तिथल्या बाईंना सगळे यादीबाई म्हणत. काम सरळ होतं. गेल्या वर्षीची यादी समोर ठेवायची, वार बदलायचे आणि कचेऱ्या, शाळा, बाजार या तीन रकान्यांत त्या दिवशी काय काय बंद त्याच्या खुणा करायच्या.

यंदा नव्या साहेबांनी चौथा रकाना आखला: कारण. "ज्या सुट्टीला कारण नाही ती उडवा. यादी आज पाचला छापायला जाईल."

बाईंनी भराभर कारणं लिहिली आणि ऑगस्टच्या अठराशी अडल्या. तिन्ही रकान्यांत खूण, पण सुट्टी कशाची हे विचारायचं त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. नवऱ्याचं बाजारात धान्याचं दुकान, बाजार बंद मंगळवारी. लेकीची शाळा आणि त्यांची कचेरी बंद रविवारी. इतर सुट्ट्यांना तर बाजार दुप्पट भरे. वर्षातून हा एकच दिवस तिघं दुपारी एकत्र जेवत, आणि लेक महिनाभर आधी बोटं मोजायला लागे.

त्यांनी जुन्या याद्यांचा गठ्ठा उपसला. प्रत्येक यादीने आधीच्या यादीचीच री ओढलेली. बावीस वर्षं मागे, अठराची खूण पहिल्यांदा आली त्या यादीवर जुन्या हेडक्लार्कांची सही सापडली, तेव्हा त्यांनी थेट फोनच लावला.

"काका, अठराची सुट्टी कशाची हो?"

पलीकडे काका खुदकन हसले. "सापडलं का शेवटी? अगं, माझ्या थोरलीला बघायला येणार होते. विसरायला नको म्हणून कच्च्या यादीवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली. टायपिस्टने ती तिन्ही रकान्यांची खूण समजून टाइप केली. अख्खा देश बंद."

"कोणी विचारलं नाही?"

"विचारणारेही घरीच होते ना. मी एकटा कचेरीत, खुलासा लिहून कोणी जाब विचारायला येईल म्हणून वाट बघत बसलो. मुलीचं लग्न ठरलं ते माझ्याशिवाय. खुलासा अजून माझ्याकडेच आहे."

बाईंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. खरं लिहावं तर सुट्टी जाणार, आणि खोटं लिहायला हात धजेना. पाचला दहा कमी असताना त्यांनी लिहिलं: या दिवशी घरातली सगळी घरी असतात.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "हे काय कारण झालं? कोणाच्या घरातली?"

"तुमच्याकडे कोण कोण असतं साहेब, अठराला?"

"बायको असते. तिची शाळा बंद. मुलं असतात." साहेब बोटं मोजत होते, ते मध्येच थांबले. "थोरला भाऊ येतो. त्याचा बाजारात गाळा आहे. एरवी आमची भेटच होत नाही."

मग त्यांनी पेन उघडलं, अठराच्या तिन्ही खुणा एकदा गिरवून ठळक केल्या आणि खाली सही केली.