कपाटामागचा एल्बो

गल्लीत त्याला सगळे बूस्टर म्हणत. टीव्हीवर मुंग्या येवोत, इंटरनेट रांगत असो, नाहीतर वाऱ्यानं तार लोंबत असो, त्याच्याकडे औषध एकच. "बूस्टर टाकतो," म्हणायचा आणि टाकायचा. बावीस वर्षं केबलच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला नाव धंद्यानंच द्यायचं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचंही.

त्या दिवशी पावणेतीनला फोन वाजला तेव्हा तो नव्या मॉडेमचे खोके फोडत बसला होता. फायबरची कंपनी गल्लीत शिरल्यापासून त्यानं जिद्दीनं सगळी लाइन सुधारायला घेतली होती. नवे जोड, नवे मॉडेम, तीनशेचा स्पीड. फोन वहिनीचा होता.

"भाऊजी, जरा घरी येता का? आणि आल्यावर रागावू नका."

"झालंय काय?"

"मी फायबर घेतेय. ती भिंतीत अडकली. तुमची तार ओढून काढलीय, आता ना ती ना ही. चारला माझा कॉल आहे."

रागावू नका म्हटल्यावर माणूस जितका रागावतो तितका तो रागावला. अख्खी गल्ली फायबरकडे गेली असती तरी चाललं असतं, पण सख्ख्या भावाचं घर? उद्या लोक विचारतील, तुमच्या वहिनीनंच सोडलं, मग आम्ही का थांबायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला? तरी त्यानं पिशवीत हत्यारं भरली आणि निघाला.

वहिनीच्या कामाच्या खोलीत त्याची काळी केबल वेटोळं करून जमिनीवर पडली होती. शेजारी कंपनीचं जाकीट घातलेली, चाळिशीची एक बाई गुडघ्यांवर बसून पाइपच्या तोंडात बॅटरी मारत होती.

"तुम्हीच का ती टाकली होती, काका?" तिनं विचारलं.

तिच्यापेक्षा तो फार तर सात-आठ वर्षांनी मोठा असेल. काका म्हटलेलं त्याला लागलं.

तिनं केलं होतं ते सगळेच करतात. जुन्या केबलच्या शेपटाला फायबर बांधायची आणि एका टोकानं जुनी ओढायची, म्हणजे तिच्यामागून नवी आपोआप येते. इथं जुनी आली, पण मध्येच कुठेतरी जोड सुटला आणि फायबर आतच राहिली. गच्चीकडून ढकलली तर पुढे जाईना, आणि जोर लावावा तर आत काच, मोडणार.

"वळणावर बॉक्स असेल ना? झाकण उघडून तिथून ओढते," ती म्हणाली. "कुठे आहे तेवढं सांगा."

बॉक्स नव्हता. बावीस वर्षांपूर्वी हे त्याचं पहिलंच घर. गवंडी गिलावा कालवून उभा होता आणि बॉक्स दुकानातच राहिला होता. परत कोण जाणार, म्हणून त्यानं नळाच्या कामातला एक काटकोनी एल्बो पाइपांच्या मध्ये ठोकला आणि भिंत लिंपून टाकली. केबलला काय, ती वाकते. भावानं विचारलं तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बॉक्स टाकलाय, दादा." भाऊ जाऊन चार वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आज कशाला उघडा?

"आठवत नाही," तो म्हणाला. "पाइप चोंदला असेल. वहिनी, मी खिडकीतून नवी केबल टाकतो. वीस मिनिटांचं काम. नवा मॉडेम आणलाय, तीनशे देतो."

"आणि अपलोड किती?" फायबरवालीनं न वळताच विचारलं.

"अपलोड लागतं कुणाला?"

"मला," वहिनी म्हणाली.

तिचं काम त्याला माहीत होतं, पण ऐकून. धाकटी बहीण जन्मापासून बहिरी, म्हणून वहिनीला खुणांची भाषा लहानपणीच आली होती. भाऊ गेल्यावर तिनं त्या भाषेचाच व्यवसाय केला. कॅमेऱ्यासमोर घरून बसायचं आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरचं बोलणं ऐकू न येणाऱ्या पेशंटला हातांनी सांगायचं. घर त्याच्यावर चालायचं. गेल्या आठवड्यात कॉल चालू असताना तिचं चित्र गोठलं आणि हॉस्पिटलनं लेखी ताकीद दिली. आज चारला तीच पेशंट होती, उद्या तिचं ऑपरेशन. आज पुन्हा हात थांबले तर वहिनीचं नाव यादीतून कायमचं जाणार होतं. मोबाइलच्या नेटवर बसायची हॉस्पिटलची परवानगी नव्हती, आणि त्या खोलीत रेंज तरी कुठे येत होती.

त्यानं वाद घातला नाही, केबल टाकली. तीन पंचविसाला मॉडेमवरचे दिवे लागले, स्पीड तीनशे दोन आला. त्यानं फायबरवालीकडे विजयानं पाहिलं. ती तिच्या घड्याळाकडे पाहत होती.

"मोबाइल घेऊन गच्चीवर जा," वहिनीनं सांगितलं. "मी तुम्हाला कॉल लावते. सकाळी, दुपारी, रात्री किती गोळ्या घ्यायच्या ते बोटांनी दाखवीन. तुम्ही फक्त आकडे सांगा. पोर सांगेल एवढं सोपं आहे."

गच्चीवर त्यानं फोन डोळ्यांसमोर धरला. वहिनी दिसली, छान, स्वच्छ. तिनं दोन बोटं वर केली. मग बराच वेळ दोनच. मग एकदम एक.

"दोन, दोन, एक," तो म्हणाला.

"दुपारी मूठ दाखवली होती," फोनमधून तिचा आवाज आला. चित्रात तिचे ओठ मिटलेलेच होते. "मूठ म्हणजे काही नाही. गेल्या आठवड्यातही हेच झालं. त्या बाईनं दुपारीही दोन लिहून घेतल्या. डॉक्टरनी कागद पाहिला म्हणून बरं."

वहिनीनं तीनदा तक्रार केली होती आणि तीनदा त्यानं बूस्टर टाकला होता. बूस्टर येणारं वाढवतो आणि जाणाऱ्याची वाट अडवतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. लोक बघतात, पाठवतो कोण, असं धरून तो इतकी वर्षं चालला होता. त्याला लाज वाटली. लाज वाटायलाही वेळ नव्हता, साडेतीन वाजून गेले होते.

खाली येऊन तो सरळ कपाटाला भिडला.

"धरा तिकडून," तो फायबरवालीला म्हणाला. "बॉक्स नाही. एल्बो आहे, ह्याच्या मागे, कंबरेएवढ्या उंचीवर. मीच बसवलाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "एल्बो? आणि मघाशी आठवत नव्हतं?"

"आठवत होतं."

वहिनीनं दोघांकडे पाहिलं आणि ती कपाटातल्या फायली काढायला लागली. कपाट सरकलं. त्यानं छिन्नी लावली आणि हातोडा घातला. पहिल्या घावाला नुसता रंग उडाला, दुसऱ्याला गिलावा. "जपून, आत काच आहे," फायबरवाली दर घावाला सांगत होती, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात अर्ध्यात अडखळत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जोरात मारावं तर फायबर तुटेल, हळू मारावं तर चार वाजतील.

पावणेचारला एल्बो दिसला. त्यानं पक्कडीनं त्याची एक बाजू मोडून काढली. फायबरचं टोक आत कोपऱ्याला टेकून बसलं होतं, शाबूत. फायबरवालीनं दोन बोटांनी ते अलगद बाहेर घेतलं, मोठा गोल देऊन पुढच्या पाइपात सोडलं आणि तो दुसऱ्या तोंडाशी पालथा पडून वाट पाहत राहिला. टोक आलं. ती जोडाचं यंत्र उघडून बसली. यंत्रानं पहिला जोड नाकारला. तिनं टोक पुन्हा कापलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. तीन छप्पन्नला हिरवा दिवा लागला.

तेव्हा वहिनीचं लक्ष मागे गेलं. कॅमेऱ्यात तिच्या पाठीमागे कपाट नव्हतं, खिंडार होतं आणि विटांचा ढीग. हातांमागे एकरंगी भिंत हवी, नाहीतर खुणा दिसत नाहीत. खुर्ची फिरवायला जागा नव्हती. तिनं पलंगावरची निळी चादर ओढून त्याच्या अंगावर टाकली.

"दोन्ही हात वर. चादर मागून धरा. हलू नका."

आणि कॉल लागला.

पडद्यावर एक सुकलेल्या चेहऱ्याची बाई होती, बाजूला डॉक्टर. चादरीच्या कडेवरून बूस्टरला सगळं दिसत होतं. डॉक्टर बोलत होते आणि वहिनीचे हात चालत होते. चार वर्षांत त्यानं तिला असं काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचे खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. कुठल्याही क्षणी त्या बाईचा चेहरा कोरा होईल, ती पुढे झुकेल आणि पडद्याला हात लावेल, अशी त्याला धास्ती होती. बाईनं काहीतरी विचारलं. वहिनीनं दोन बोटं दाखवली, मग मूठ, मग एक बोट. बाईनं तिकडून तेच करून दाखवलं. दोन, मूठ, एक. तरी तिनं आणखी एकदा विचारलं, आणि वहिनीनं न कंटाळता आणखी एकदा सांगितलं. शेवटी बाईनं हनुवटीपासून हात पुढे नेला आणि हसली. त्याला ती भाषा येत नव्हती, तरी तेवढं कळलं.

चार चोविसाला पडदा काळा झाला. फायबरवाली सामान उचलून गच्चीवरचा जोड झाकायला गेली.

"एकदाही थांबलं नाही," वहिनी म्हणाली.

"वहिनी, त्या बॉक्सचं. मी दादाशी खोटं बोललो. तो जाईपर्यंत त्याला वाटत होतं, आत बॉक्स आहे."

"नव्हतं वाटत. हे कपाट बसवताना सुतारानं भिंत ठोकून पाहिली. म्हणाला, आत बॉक्सबिक्स काही नाही, भावानं फसवलं तुम्हाला. ह्यांनी त्यालाच गप्प केलं. मला म्हणाले, त्याचं पहिलंच घर आहे, त्याला कळू देऊ नकोस. आणि कपाट मुद्दाम तिथंच ठेवायला लावलं."

बूस्टरला रडू आलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "चादर सोडा आता. कॉल संपला."